बॉनेटखालची उष्णता (ऑफरोड गाड्या)

बॉनेटखालची उष्णता : इंजिन, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा), सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेली धुराची पहिली नळी) आणि रेडिएटर यांच्यामुळे इंजिनाच्या कप्प्यात कोंडून राहणारी गरम हवा, आणि ती कमी करण्याचे उपाय. डांबरी रस्ता सोडून चिखल, दगड, ओढे, शेतवाटा तुडवणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो. बेळगाव जिल्हा आणि त्याला लागून असलेला कारवार जिल्ह्यातला जोयडा-हल्याळचा पट्टा इथे जुन्या जीप, जिप्सी, बोलेरो, थार, गुरखा या गाड्या हौसेलाही चालतात आणि पोटापाण्यालाही. त्यामुळे ‘गाडी तापते’ ही तक्रार इथल्या गॅरेजांत बारमाही असते. तिच्यावर जे उपाय केले जातात त्यांचा भर वारा आत घेण्यावर असतो; अडलेले मात्र बहुतेक वेळा त्याचे बाहेर पडणे असते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) तापून काटा वर चढणे हा इंजिन गरम होण्याचा प्रकार. काटा जागच्या जागी असूनही बॉनेटखालच्या वायरी कडक होणे, बॅटरी लवकर बसणे, एअर फिल्टरला गरम हवा मिळून ओढ कमी होणे, केबिनमध्ये पायाशी भाजणे हा दुसरा प्रकार. पहिल्याचा इलाज रेडिएटरपाशी, दुसऱ्याचा सायलेन्सर आणि हवेच्या वाटेपाशी. मोठा रेडिएटर घालून दुसरा प्रकार बरा होत नाही, पण पैसे तिथेच जास्त जातात.

इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेला कूलंट, तेल व इंजिनाच्या अंगावरून बाहेर पडतो. म्हणजे चाकांकडे जितकी ताकद जाते, जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरला हवेत टाकावी लागते. पूर्ण जोर लावलेल्या डिझेल इंजिनाचा धूर टर्बोत शिरताना ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो, पेट्रोलचा त्याहूनही जास्त. हा धूर वाहणारा तापलेला लोखंडी भाग वायरिंगपासून वीतभर अंतरावर असतो.

सडकेवर धावताना समोरचा वारा निम्मे काम करतो. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये) दगडांवरून चढताना इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर आणि गाडी माणसाच्या चालीने. वारा नाहीच, सगळा भार पंख्यावर. म्हणून पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच (श्राउड) तुटलेले असेल तर सपाटीवर काही कळत नाही, चढावर लगेच कळते. कवच नसलेला पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा बाजूने परत फिरवत बसतो. जुन्या डिझेल गाड्यांतल्या व्हिस्कस पंख्याची (दाट तेलाच्या कपलिंगवर इंजिनाने फिरणाऱ्या) परीक्षा सोपी आहे : इंजिन गरम करून बंद करावे, चावी काढून घ्यावी आणि पाते हाताने फिरवावे. जड फिरले तर ठीक. भिंगरीसारखे सुटे फिरले तर आतले सिलिकॉन तेल गेले, कपलिंग बदलायचे. विजेच्या पंख्याला मात्र बोट लावू नये. तो इंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होतो.

या भागाची माती दोन तऱ्हांनी छळते. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे तांबडी माती आणि धो-धो पाऊस. पूर्वेला चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळी माती, उन्हाळ्यात चाळिशीच्या घरात जाणारा पारा, आणि गळीत हंगामात उसाचे पाचट. रेडिएटर समोरून स्वच्छ दिसतो आणि तिथेच फसगत होते. एसीच्या गाडीत पुढे कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो, मागे रेडिएटर, मध्ये बोटभर फट. वरचे ब्रॅकेट सोडून कंडेन्सर थोडा पुढे कलवला की त्या फटीत पाचटाचे तुकडे, मेलेले किडे आणि वाळलेला तांबडा चिखल यांचा गोधडीसारखा थर निघतो. रेडिएटरच्या एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. उजेड जिथे आरपार येत नाही तिथून वाराही जात नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला मारायचे, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. सर्व्हिसिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पातळ पंख वाकतात आणि आधी होती त्याहून वाट कमी होते. चिखल वाळण्याआधी, त्याच दिवशी धुणे सर्वांत स्वस्त.

दर्शनी भागावर लावलेली शोभा हा पुढचा अडथळा. बुल बार, त्यावर चार गोल दिवे, विंच (अडकलेली गाडी ओढणारे चाक-दोर), मध्ये नंबर प्लेट : जाळीचा चांगला हिस्सा यातच झाकला जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे बार म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग असल्याचे कळवले होते. कारण पादचाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या जिवाचे. गरम होण्याचा मुद्दा त्यात नव्हता, पण तोही आहे. खालून बसवलेली जाड स्किड प्लेटही तशीच. गाडीच्या पोटाला दगडापासून वाचवते आणि गरम हवेची खालची वाट बुजवते. तिला आडव्या खाचा पाडून घ्याव्यात, पण चिखल अडकून त्या बंद होतात हे ध्यानात ठेवावे.

बॉनेटमध्ये खाचा पाडणे हा सर्वांत दिसणारा उपाय, आणि सर्वांत चुकीच्या जागी केला जाणारा. गाडी वेगात असताना रेडिएटरच्या जरा मागे, बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागावर हवेचा दाब कमी असतो. तिथली खाच आतली गरम हवा ओढून बाहेर काढते. काचेच्या पायथ्याशी उलट : वारा काचेवर आदळून दाब वाढतो. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याची टूम जुनी आहे. कूर्मगतीने चढताना आणि गाडी उभी असताना तिचा उपयोग होतो, कारण गरम हवा आपोआप वर जाते. पण हायवेवर त्याच फटीतून बाहेरची हवा आत घुसते, कप्प्यातली हवा खालून निघायला अडखळते, आणि इंजिनाचा वास केबिनच्या व्हेंटमध्ये येतो. निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळा प्रवास राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून करणाऱ्या गाडीला ही टूम तोट्याचीच. पत्रा कापण्याआधी बॉनेटवर लोकरीचे छोटे धागे चिकटपट्टीने लावून बघावेत; शेजारून चालणाऱ्या दुसऱ्या गाडीतून मोबाइलवर चित्रण केले की वारा कुठे चिकटून वाहतो, कुठे भोवरा होतो ते दिसते. पाच रुपयांची परीक्षा आहे, पण कोणी करत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी पत्र्याचे काम सफाईने करून मिळते, तेव्हा अडचण कारागिरीची नसून जागा ठरवण्याची असते. कणकुंबीच्या पावसात याच खाचांतून पाणी अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या जोडांवर पडते, म्हणून खालून उतरती पन्हळ हवी.

सायलेन्सरला पट्टी गुंडाळणे (हीट रॅप) याबद्दल मत सावधच असावे. पट्टी उष्णता नळीतच ठेवते, हे खरे. पण ओढा ओलांडला की ती पाणी धरून ठेवते, साध्या लोखंडी नळीला पट्टीखाली गंज चढतो, बिडाच्या मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो, आणि तिच्यावर तेल ठिबकले तर पेट घेण्याची भीती राहते. मलनाडाच्या (घाटमाथ्याच्या) ओल्या हवेत यापेक्षा पत्र्याचे कवच बरे : नळीपासून बोटभर अंतर सोडून बसवलेले, मध्ये हवा खेळती. कंपनीने दिलेले असे कवच आवाज करते म्हणून काढून फेकण्याची पद्धत आहे; खडखडणाऱ्या कवचाला वॉशर लागतो, भंगारवाला नव्हे. टर्बोवरचे आच्छादन, वायरींवर चकचकीत उष्णतारोधक नळी आणि बॅटरीभोवती कवच हे त्या मानाने बिनधोक उपाय.

एअर फिल्टरला बाहेरची गार हवा मिळणे महत्त्वाचे. ३० अंशांच्या ऐवजी ६० अंशांची हवा घेतली तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे तेवढा प्राणवायू कमी. स्नॉर्केलचा (हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीचा) मुख्य उपयोग ओढ्यातले पाणी टाळण्याचा, पण हा फायदाही पदरात पडतो. उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली बसवला की आवाज वाढतो आणि गरम हवाच आत जाते.

कूलंटच्या बाबतीत बोअरचे पाणी हा इथला मोठा शत्रू. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत अर्ध्या नळ्या बुजवतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, असा साधारण हिशेब. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरच्या बेळगावात उघड्या भांड्यातले पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरमध्ये ते उकळत नाही याचे श्रेय दाब धरणाऱ्या झाकणाला. निम्मे कूलंट आणि सुमारे १ बार दाबाचे झाकण असले की उकळबिंदू १२५ अंशांच्या आसपास जातो. झाकणाचे रबर चिरले तर हे सगळे गेले, आणि किमतीने ही सर्वांत किरकोळ वस्तू. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये; चेहरा भाजतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाकूया की मालक, गाडी गारच राहील’ हा सल्ला सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप; तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो काढला तर सडकेवर इंजिन गरजेपेक्षा गार चालते, तेलात ओल आणि गाळ साठतो, डिझेल जास्त लागते. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची तबकडी बायपासची वाट बंद करते, तिथे तो काढल्यावर बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

जुन्या कार्बोरेटरच्या पेट्रोल जीपची कथा निराळी. तिचा इंधनपंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला; घाटात थांबल्यावर त्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके टाकणे हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्रालाही धरून आहे, पण टिकाऊ इलाज म्हणजे पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड गॅस्केट, आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर नेणे. इंजिन बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटे कप्प्याचे तापमान उलट वाढत असते. म्हणून चढ संपताच चावी फिरवू नये. मिनिट-दोन मिनिटे इंजिन रिकामे चालू ठेवावे, टर्बोलाही तेच हवे असते.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नये. बऱ्याच नव्या गाड्यांत ८० ते १०० अंशांच्या दरम्यान तो मुद्दाम मध्येच थांबवलेला असतो. ओबीडी सॉकेटला (गाडीतले दोष तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीला) लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र खरा आकडा मोबाइलवर दाखवते. कूलंट गळून सेन्सर उघडा पडला तर काटा खाली येतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा क्षण.

बदलांना कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातला मूळ तपशील बदलेल असे फेरफार करू देत नाही. कवच, नळ्या, स्वच्छता यांना त्याची अडचण नाही, पण बॉनेट कापण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्यावे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाची नवी मर्यादा) डिझेल गाड्यांत काजळी जाळणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला साफ करताना धूर ६०० अंशांच्या आसपास तापतो. वाळलेले गवत त्याहून खूपच कमी तापमानाला पेटते. त्यामुळे मार्च ते मे या काळात माळावर, विशेषतः खानापूरचे भीमगड अभयारण्य आणि जोयड्याचा काळी व्याघ्र प्रकल्प यांच्या शेजारी, गवतात गाडी उभी करणे टाळतात. या दोन्ही जंगलांत परवानगीवाचून गाडी घालणे हा मुळातच गुन्हा आहे.