पाहुणे गारठून येत नाहीत

डिसेंबरात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर स्थलांतर करून आलेले पक्षी पाहून कुणी ना कुणी म्हणतंच, "सायबेरियात थंडी वाढली, म्हणून बिचारे गारठून आले इकडे." हे काही खरं नाही. पिसांचं पांघरूण असलेल्या बदकाला थंडीचं फारसं काही वाटत नाही. पाणी गोठतं, खाणं त्याखाली जातं, अडचण ती आहे. शिवाय पट्टकदंब हंस बहुतेक मंगोलिया-तिबेटकडून येतो, आणि वाटेत हिमालय ओलांडतो. गारठ्याला भिणारा त्या वाटेला जाईल का?

निघायची वेळ प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवरून ठरते. १९२० च्या दशकात पक्ष्यांचे अभ्यासक विल्यम रोवन यांनी कॅनडातल्या एडमंटनला ऐन हिवाळ्यात जुंको नावाचे छोटे स्थलांतरी पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा वाढवला. बाहेर कडाक्याची थंडी, तरी पक्ष्यांच्या प्रजनन ग्रंथी वसंतात स्थलांतराच्या वेळी वाढतात तशा वाढल्या. शरीराने पारा नाही, उजेड मोजला. हवामान, वारा, अंगावरची चरबी यांनी निघण्याचा दिवस थोडा पुढेमागे होतो, एवढंच.

आणि आपला चातक? तो पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून विदर्भात येतो, नागपूर तापलेलं असतानाच. त्याला कुठली थंडी वाजली होती?