कर्नलमधून प्रोसेसला सिग्नल पाठवणं

सिग्नल म्हणजे प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडून, मिळणारी एक नंबरवाली सूचना, की असं असं झालंय, आता काय ते बघ. युनिक्समध्ये ही सोय १९७० च्या दशकापासून आहे, खाली लिहिलंय ते मात्र लिनक्सबद्दल. कधी कर्नल स्वतःहून सिग्नल पाठवतो, जसं की प्रोसेसने नको त्या मेमरीला हात लावला की ११ नंबरचा सिगसेग्व्ह, किंवा टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबलं की टर्मिनल सांभाळणारा टीटीवाय ड्रायव्हर समोर चालू असलेल्या प्रोसेसच्या सगळ्या ग्रुपला २ नंबरचा सिगइंट पाठवतो. आणि कधी दुसरी प्रोसेस किल हा सिस्टम कॉल (कर्नलकडे काम मागायची वाट) वापरून कर्नलला सांगते की हा पोचव. किल या नावाने खूप घोळ होतो, कारण त्याचं काम मारणं नाहीच, पाठवणं आहे. नंबर ० दिला तर काहीच पाठवलं जात नाही, फक्त ती प्रोसेस आहे का आणि आपल्याला परवानगी आहे का एवढंच तपासून मिळतं.

पाठवणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. आमच्या इंदूरच्या कॉलेजातल्या पोरांना मी हे कचरा गाडीवरून सांगतो. सकाळी गाडी गाणं वाजवत गल्लीत येते, पण गाडीवाला काही तुमच्या स्वयंपाकघरात शिरून बादली उचलत नाही, गाणं ऐकून खाली यायचं ते तुम्हीच. आजी अंघोळीला गेल्या असतील आणि गाडी तेवढ्यात तीन चकरा मारून गेली तरी त्या बाहेर आल्यावर बादली घेऊन एकदाच खाली जाणार, तीनदा नाही.

कर्नलमध्ये अगदी असंच होतं. पाठवणाऱ्याचा युजर तोच आहे का किंवा त्याच्याकडे कॅप-किलचा (दुसऱ्याच्याही प्रोसेसला सिग्नल पाठवायचा) अधिकार आहे का हे आधी बघतात, मग सिगलॉक नावाचा स्पिनलॉक (एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून असलेलं कुलूप) धरून समोरच्याच्या पेंडिंग, म्हणजे अजून न पोचलेल्या सिग्नलच्या, यादीत त्या नंबरचा बिट १ करतात. यादी दोन असतात, एक प्रत्येक थ्रेडची (प्रोसेसमधल्या एकेका चालत्या धाग्याची) स्वतःची आणि एक सगळ्या थ्रेड्सची सामायिक. मग सिगपेंडिंग नावाचा झेंडा लावायचा, झोपलेला असेल तर उठवायचं, दुसऱ्या सीपीयूवर पळत असेल तर त्या सीपीयूला टोचायचं, बस. पाठवणाऱ्याचं काम इथे संपलं. पुढचं सगळं ती प्रोसेस स्वतः करते, सिस्टम कॉल किंवा इंटरप्टमधून युजर मोडमध्ये परत जायच्या उंबरठ्यावर ती झेंडा बघते, यादीतून सिग्नल काढते आणि हँडलर, म्हणजे त्या सिग्नलसाठी प्रोग्रामने ठरवलेलं फंक्शन, लावलेला असेल तर कर्नल तिच्याच स्टॅकवर एक फ्रेम मांडून तिला हँडलरमध्ये धाडतो, हँडलर संपला की सिगरिटर्न या कॉलने जुने रजिस्टर (सीपीयूमधल्या आधीच्या किमती) परत येतात आणि काम जिथे थांबलं होतं तिथून सुरू.

१ ते ३१ हे साधे सिग्नल, त्यांच्यासाठी प्रत्येकी एकच बिट, म्हणून तोच सिग्नल वाट बघत असताना दहादा पाठवला तरी एकदाच पोचतो. मोजायचं असेल तर ३२ पासून ६४ पर्यंतचे रिअल-टाइम सिग्नल आहेत, ते रांगेत उभे राहतात. सिगचाइल्ड (मूल-प्रोसेस संपल्यावर येणारा सिग्नल) मोजून संपलेली मुलं मोजणारे प्रोग्राम मी अजूनही बघतो आणि ते हमखास चुकतात, वेट हा संपलेलं मूल गोळा करणारा कॉल लूपमध्येच फिरवावा लागतो.

प्रोसेस संपवणारा ९ नंबरचा सिगकिल आणि तिला थांबवून ठेवणारा सिगस्टॉप हे दोन अडवता येत नाहीत, दुर्लक्ष करता येत नाही, हँडलर लावता येत नाही. तरी सिगकिलमध्येसुद्धा मरते ती प्रोसेस स्वतःच, तिच्याच पावलांनी एक्झिटकडे जाऊन. म्हणूनच डी स्टेटमधली प्रोसेस किल मायनस नाइनलाही (९ पाठवणाऱ्या कमांडलाही) दाद देत नाही, ती डिस्कची वाट बघत अशी झोपलेली असते की सिग्नलने उठत नाही. विजयनगरच्या एका ऑफिसात बाहेरच्या डिस्कवर बॅकअप अडकला होता, तिथल्या मुलाने घाबरून पंधरा-वीस वेळा ९ पाठवला, काही हललं नाही. केबल नीट बसवली, अडकलेलं वाचन एररने परत आलं आणि त्याच क्षणी प्रोसेस गेली, कारण तो ९ केव्हाचा यादीत बसूनच होता. हा त्रास कमी व्हावा म्हणून २००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीत टास्क-किलेबल ही झोप आली, तीत बाकी सिग्नल उठवत नाहीत पण जीवघेणा सिग्नल उठवतो.

ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड, लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. ड्रायव्हर वाट बघत झोपला असताना सिग्नल आला तर त्याने हातातले लॉक सोडून रीस्टार्टसिस हा एरर परत द्यायचा, मग कर्नल ठरवतो की कॉल पुन्हा चालवायचा की युजरला ई-इंटर (कॉल मध्येच तुटला) हा एरर द्यायचा. कर्नलमधूनच सिग्नल पाठवायचा तर आकड्यातला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) साठवून ठेवू नये, कारण ती प्रोसेस संपल्यावर तोच आकडा दुसऱ्या कुणाला मिळू शकतो आणि सिग्नल भलत्याच दारात जाऊन पडतो, त्यापेक्षा स्ट्रक्ट पीआयडी या कर्नलमधल्या नोंदीचा रेफरन्स धरून किल-पीआयडी हे फंक्शन वापरावं. युजर बाजूला याच अडचणीवर लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीत पीआयडीएफडी-सेंड-सिग्नल हा कॉल आला, त्यात आकड्याऐवजी फाइल डिस्क्रिप्टर (त्याच प्रोसेसला धरून ठेवणारी खूण) देतात.