पार्श्वभूमी : लाइन थांबवण्याची मुभा आणि हिंजवडीतला बेल कर्व्ह

२०२५ च्या जुलैत देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या घरात मनुष्यबळ कमी करण्याचं जाहीर केलं आणि पुण्याच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीपासून खराडीपर्यंत, एक जुना वाद पुन्हा वर आला. नोकरीची धास्ती माणसाला कामाला लावते की कामातून उठवते? पुण्यात हा वाद दोन पिढ्या चाललाय. आधी पिंपरी-भोसरीच्या शॉप फ्लोअरवर, मग काचेच्या इमारतींत. त्याचा सगळ्यात खोल वण मात्र साधारण २००५ ते २०१७ या काळातल्या आयटीच्या अप्रेझलचा, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाचा आहे.

‘थोडं टेन्शन असलं की काम चांगलं होतं’ या म्हणण्यामागे बहुतेक वेळा १९०८ सालचा एक प्रयोग असतो. दोघा अमेरिकन संशोधकांनी उंदरांना पांढरी पेटी आणि काळी पेटी यांतला फरक शिकवला. चुकीच्या पेटीत शिरलं की विजेचा झटका. फरक सहज दिसत होता तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. तोच फरक अंधूक केल्यावर जोरदार झटक्याने शिकणं लांबलं, मध्यम झटका बरा ठरला. पुढे मॅनेजमेंटच्या वर्गांत यातली घुमटासारखी एकच रेषा उरली, आणि काम सोपं की अवघड हा प्रयोगातला मुख्य मुद्दाच गळाला. पुण्यात जे घडलं ते समजून घ्यायला नेमका तो गळालेला मुद्दा लागतो: काम अवघड असेल तर जास्तीचा धाक ते बिघडवतो.

पिंपरी-चिंचवडचा पट्टा साठच्या दशकात भरत गेला. मेमो, चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी ही साहेबांची हत्यारं. पण परमनंट कामगाराच्या पाठीशी युनियन होती, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागू लागली. ऐंशीच्या दशकात ही मर्यादा १०० वर आली. म्हणजे धाक होता, पण घरी बसण्याचा क्वचितच. अविश्वास मात्र दोन्ही बाजूंनी पक्का. १९८९ च्या सप्टेंबरात पिंपरीतल्या एका मोठ्या वाहन कारखान्याचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. त्या पिढीच्या बोलण्यात तो प्रसंग अजून येतो.

याच सुमारास जपानी पद्धती रुजू लागल्या होत्या. क्वालिटी सर्कल, कायझेन (सतत छोट्या सुधारणा), सजेशन स्कीम हे सगळं पचलं. घशात अडकली ती लाइन थांबवण्याची मुभा: दोष दिसला की साध्या ऑपरेटरनेही दोरी ओढून अख्खी लाइन थांबवायची. जपानी उद्योगांना गुणवत्ता शिकवणाऱ्या एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात चौदा सूत्रं मांडली, त्यातलं आठवं होतं भीती घालवण्याचं. ते भूतदयेपोटी नव्हतं. ऑपरेटरने सदोष पार्ट रागावणीच्या भीतीने पुढे ढकलला, तर तोच दोष गाडी तयार झाल्यावर शोधून रीवर्क करायला कितीतरी पट खर्च येतो. दोरी ओढल्यावर साहेबांचा पहिला प्रश्न ‘कोणी थांबवली?’ असा येतो की ‘काय झालं?’ असा, यावर सगळा खेळ. बऱ्याच कारखान्यांनी हे रडतखडत का होईना शिकून घेतलं. कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांना ही मुभा कागदावर मिळाली. पण ज्याला पुढच्या महिन्यात गेटवर घेतील की नाही हे ठाऊक नाही, तो दोरीला हात लावायला बिचकणारच.

आयटीने हा धडा शेजारून घेतला असता तर बरं झालं असतं. तिने तो घेतला थेट अमेरिकेतून, आणि तोही उलटा. विजेची उपकरणं ते विमानांची इंजिनं बनवणाऱ्या तिथल्या एका उद्योगसमूहाने ऐंशीच्या दशकात सक्तीच्या क्रमवारीची पद्धत गाजवली होती: वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०, आणि खालच्यांना दार. पुण्यात टक्के कंपनीगणिक बदलले, तत्त्व तेच राहिलं. इथे तिला बेल कर्व्ह म्हणत.

या पद्धतीच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. मोकळीक दिली की मॅनेजर सगळ्यांना चांगलं रेटिंग देऊन मोकळा होतो, हाइकचं, म्हणजे पगारवाढीचं, बजेट फुगतं, आणि खरंच राबणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही. हे सगळं खरं. पण बेल कर्व्ह, म्हणजे घंटेच्या आकाराचा तो आलेख, मोठ्या, न निवडलेल्या समूहांत दिसतो. कॅम्पस इंटरव्ह्यू, टेक्निकल राउंड, क्लायंट राउंड अशा तीन-चार चाळण्यांतून आलेल्या नऊ जणांच्या टीमवर तो बसवायचा म्हणजे त्यातला एक जण मागे पडलाय हे वर्ष सुरू होण्याआधीच ठरलेलं.

मग तो कोण, हे नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग त्या आकारात बसवण्याच्या, मीटिंगमध्ये ठरायचं. तिथे काम जेवढं बोलायचं त्याहून मॅनेजरचं वजन जास्त बोलायचं. पेपर टाकलेला, म्हणजे राजीनामा दिलेला, माणूस सोयीचा, कारण तो चाललाच आहे. बाळंतपणाच्या रजेवरची बाई सोयीची, कारण ती खोलीत नाही, आणि अर्धं वर्ष ‘दिसलेली’ही नाही. नुकताच टीममध्ये आलेला तर हुकमी बळीचा बकरा. बाहेर आल्यावर मॅनेजर सांगायचा, ‘मी तुला वरच ठेवलं होतं, बेल कर्व्हमुळे खाली आलं.’ हे वाक्य न ऐकलेला माणूस त्या काळातल्या हिंजवडीत शोधावा लागला असता.

कामावर परिणाम झाला तो इथून. शेजारच्याचं रेटिंग वर गेलं की माझं खाली येणार, हे कळल्यावर कोण कोणाला मन लावून केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपल्या कामाची माहिती) देईल? मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा एखादा भाग, एकट्याच्याच डोक्यात राहिलं तर नोकरी पक्की, म्हणून डॉक्युमेंट अर्धवटच राहायचं. एस्टिमेट चुकलंय हे पहिल्या आठवड्यात दिसत असूनही कोणी बोलायचं नाही. प्रोजेक्टचे स्टेटस रिपोर्ट कलिंगडासारखे, वरून हिरवेगार आणि आत लाल. रिलीजच्या आदल्या रात्री कापलं की सगळं बाहेर. या काळातल्या वीकेंडच्या वॉर रूम, रात्रभर चाललेले कॉल यांचं खापर क्लायंटवर फोडण्याची पद्धत होती. त्यातलं निम्मं तरी आधी न बोलल्याचं होतं, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

संशोधन तोवर बरंच पुढे गेलं होतं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या एका अभ्यासात विचित्र आकडे आले: ज्या वॉर्डांत टीम चांगली, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या. उलगडा असा की तिथे चुका सांगायची लोकांना भीती वाटत नव्हती. १९९९ च्या पुढच्या लेखात याला मानसिक सुरक्षितता हे नाव पक्कं झालं, आणि २०१५ च्या सुमारास एका सर्च इंजिन कंपनीने आपल्याच टीम तपासून तोच निष्कर्ष काढल्यावर पुण्याच्या एचआरच्या स्लाइडमध्येही तो आला. दरम्यान २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने सक्तीची क्रमवारी बंद केली. नंतरच्या दोन-तीन वर्षांत इथल्याही काही कंपन्यांनी बेल कर्व्ह सोडल्याचं जाहीर केलं. हाइकचं बजेट मात्र आधीच ठरलेलं राहिलं, त्यामुळे वाटणी जुन्याच आकारात व्हायला लागली. फक्त तिला आता कोणी नाव घेऊन हाक मारत नव्हतं.

२०१७ मध्ये कपातीची लाट आली तेव्हा पीआयपी (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे काम सुधारण्याची मुदतबंद ताकीद) हा शब्द घराघरांत पोहोचला. ‘राजीनामा द्या, नाहीतर टर्मिनेशन, मग रिलीव्हिंग लेटर विसरा’ अशा तक्रारी पुण्याच्या कामगार आयुक्तालयात गेल्या. इंजिनिअर कायद्याने ‘वर्कमन’, म्हणजे कामगार, आहे का, इथपासून तिथे सुरुवात करावी लागली.

जून २०२५ मध्ये वर उल्लेख आलेल्या त्याच कंपनीने वर्षाला २२५ बिलेबल दिवस (ज्यांचे पैसे क्लायंट देतो) आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, जास्तीत जास्त ३५ दिवस अशी अट घातली. बेंचवर कोण येणार हे बहुतेकदा क्लायंटच्या बजेटवर ठरतं, माणसाच्या कामावर नाही, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. जुलैनंतर पुण्यातून बळजबरीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी पुन्हा कामगार विभागाकडे गेल्या. कंपनीने आरोप फेटाळले. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० कामगारांवर गेली. ती तरतूद कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती. हिंजवडीतल्या ऑफिसांना ती १९७६ च्या दुरुस्तीतही लागू नव्हती.