जपानमधील वीजजोडणी आणि भारतीय उपकरणे

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, भारतात २३० व्होल्टची. भारतातून जपानला जाणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या फरकातून येतात. पिनांचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे: तिथे दोन चपट्या पिनांचा प्लग चालतो आणि आपल्या गोल पिनांसाठी स्वस्तातला अडॅप्टर पुरतो. तीन पिनांच्या लॅपटॉपसाठी मात्र अडॅप्टर पाहून घ्यावा, कारण तिथली बरीच सॉकेट दोनच चिरांची, अर्थिंग नसलेली असतात.

अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेऱ्याच्या चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असे छापलेले असते. ते खुशाल लावावेत. पाणी तापवणाऱ्या उपकरणांचे तसे नाही. त्यांची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून १५०० वॅटची भारतीय किटली तिथे जेमतेम २८० वॅटवर चालते. उलटा प्रकार खरा धोक्याचा: फक्त १०० व्होल्टसाठी बनवलेला जपानी राइस कुकर इकडे थेट लावला, तर त्यात पाचपटीहून जास्त शक्ती जाते आणि तो जळतो.

तोक्योतल्या निशि-कासाईसारख्या भारतीय वस्तीत राहायला जाणाऱ्यांचा जीव अडकतो तो मिक्सरमध्ये. २३० व्होल्टचा ७५० वॅटचा मिक्सर चालवायला १००० वॅटहून अधिक क्षमतेचा स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो चांगलाच जड असतो. अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर नेणे अधिक शहाणपणाचे. थोडा मंद फिरतो, पण वाटण होते. इंडक्शन शेगडी मात्र नेऊच नये. साधे जपानी सॉकेट १५ अँपिअरचे, म्हणजे कमाल १५०० वॅटचे असते. २००० वॅटचा भार त्याला ट्रान्सफॉर्मर लावूनही पेलत नाही.

जपानची वीज फ्रिक्वेन्सीनेही दुभंगलेली आहे. १८९०च्या दशकात तोक्योने ५० हर्ट्‌झची जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने ६० हर्ट्‌झची अमेरिकी. ती विभागणी फुजी नदीच्या आसपास आजही टिकून आहे: पूर्वेला ५० हर्ट्‌झ, पश्चिमेला ६०. चार्जरला याने काही फरक पडत नाही. विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी जुनी घड्याळे तेवढी पुढे-मागे होतात. देशाला मात्र ही फाळणी महागात पडली: २०११च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची टंचाई झाली, तेव्हा फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या केंद्रांची क्षमता तोकडी असल्याने पश्चिमेकडून पुरेशी वीज पाठवता आली नाही.