पावकी, अडीचकी आणि शाळेतला बाजार

पहिली-दुसरीच्या मुलांना नाणी, वजनं, घड्याळ यांच्या आधारे संख्या शिकवाव्यात, हे हल्ली नवं धोरण म्हणून सांगितलं जातं. महाराष्ट्रात मात्र पंतोजींच्या शाळेतलं अंकगणित व्यवहारासाठीच होतं. धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढे, आणि त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे.

ही घोकंपट्टी विनाकारण नव्हती. आण्याचे पैसे चार, रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. सात पैशांचे पावणेदोन आणे होतात, हे पावकी पाठ असलेलं पोर क्षणात सांगे. अडीचकीचा उपयोग तर फारच सुरेख. धान्याचा भाव मणाला जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर धान्य. कारण चाळिसाला सोळाने भागलं की अडीच येतात. ज्वारी चार रुपये मण असेल, तर चार आण्यांना अडीच शेर आणि बारा आण्यांना अडीच त्रिक साडेसात. कागद नको, पेन्सिल नको.

पण हे ज्ञान सगळ्यांच्या पोरांना मिळत नव्हतं. व्यापाऱ्यांची, कुलकर्ण्यांची मुलं शिकली. मुली आणि बहुतांश शेतकरी, दलित घरं बाहेर राहिली. त्याची किंमत फार मोठी होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि कागद जाळले. ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय, व्याज किती चढलं, हे वाचायची सोय अनेकांकडे नव्हती. १८७९ च्या कायद्याने सावकारांनी शेतकऱ्यांना पावती आणि हिशेब द्यावा अशी तरतूद केली. पण हातातला हिशेब वाचणार कोण? १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बालबोध लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेबाची मागणी केली, ती याच काळातली. अंकगणिताच्या इतिहासात ही मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

लहान वयातल्या शिक्षणाला पुढचं वळण ताराबाई मोडकांनी दिलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया अशा आसपासच्या वस्तू शिक्षणाचं साहित्य झाल्या. पाठांतराआधी वस्तू हातात घेऊन मोजणं आलं.

मग १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. हिशेब सोपा झाला, आणि हा बदल योग्यच होता. पण पावकी-अडीचकीचा पाया असलेली नाणी आणि मापंच व्यवहारातून गेली. पाढे उरले, ते ज्या व्यवहारासाठी म्हटले जात, तो वर्गातून गेला. पुढच्या कित्येक मुलांना गणित म्हणजे फक्त परीक्षेतली उदाहरणं वाटू लागली, यात नवल नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत संख्याज्ञान यावं, हे त्याचं उद्दिष्ट, मुदत २०२६-२७. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत भरणारा बालबाजार त्याला अगदी जुळतो. मुलं घरची मेथी, लिंबं, भेळ विकायला आणतात, भाव ठरवतात, सुटे परत देतात.

एक अडचण मात्र नवी आहे. किराणा दुकानात आई फोनने पैसे देते, तेव्हा शेजारी उभ्या मुलाला ना नोट दिसते, ना परत आलेले सुटे. सहा-सात वर्षांच्या मुलाला शंभरातून अडतीस गेले की किती उरले, हे कळायला आधी बासष्ट रुपये हातात यावे लागतात. म्हणून शाळेतल्या बाजारात तरी व्यवहार खऱ्या नाण्या-नोटांनीच व्हावा, आणि सुटे मोजून द्यायचं काम शिक्षकांनी नव्हे, मुलांनीच करावं.