चंद्रावरून चीनची भिंत दिसते?

‘चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू कोणती?’ हा प्रश्न क्विझमध्ये अजूनही येतो, आणि ‘चीनची भिंत’ म्हणणाऱ्याला गुणही मिळतात! ही थाप १९३२ मध्येच छापून आली होती; तेव्हा अवकाशात गेलं होतं कोण?

साधा हिशेब करा. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील सहसा वेगळा दिसत नाही. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर, म्हणजे तिथून ही मर्यादा होते जवळपास ११० किलोमीटर. भिंतीची रुंदी जेमतेम काही मीटर, त्यात रंग बऱ्याच ठिकाणी आसपासच्या मातीचाच. नुसत्या लांबीने काय होणार?

२००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आलेल्या चिनी अंतराळवीर यांग लिवेईंनाही ती दिसली नाही. २००४ मध्ये अमेरिकी अंतराळवीर लेरॉय चियाओंनी अंतराळ स्थानकावरून तिचा फोटो घेतला, पण दूरचं मोठं करून दाखवणारी १८० मिलिमीटरची लेन्स लावून.