पोटात गोळा का येत नाही?

दुबईला गेलेली मंडळी हल्ली बुर्ज खलिफा बघून थांबत नाहीत, पाम जुमेरा या कृत्रिम बेटावर स्कायडायव्हिंगही, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडीही, करून येतात. आपल्या देशातही हरियाणात नारनौलला टँडम उडीची, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायच्या उडीची, सोय झाली आहे. या उड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य ठरलेलं: ‘पाऊण मिनिट वजनरहित अवस्थेचा थरार!’ थरार असेल, त्याबद्दल वाद नाही. वजनरहित अवस्था मात्र साफ खोटी. पण ती वाचून ‘मला तर जत्रेतल्या आकाशपाळण्यातही बसवत नाही’ म्हणणारे कितीतरी जण उडीचा विचारच सोडून देतात.

पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, तो नेमका कशामुळे? गुरुत्वाकर्षण आपल्याला थेट जाणवत नाही. जाणवतो तो आधार. उभं असताना जमीन तळव्यांना वर ढकलते, बसल्यावर खुर्ची ढकलते. अंतर्कर्णात जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे असतात. आधार असला की ते त्या थरावर दाब देत राहतात आणि मेंदूला ‘सगळं ठीक’ अशी खबर जाते. आधार अचानक कमी झाला की हा दाब उतरतो, पोटातली आतडीही किंचित वर सरकतात आणि आपण पाळण्याचा दांडा घट्ट पकडतो. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की विमानातून उडी मारल्यावर आधार खरंच जातो का?

जात नाही. पहिल्या क्षणीही पूर्ण जात नाही, आणि मला या उडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. उडीच्या वेळी विमान ताशी साधारण 150 किमी वेगाने पुढे जात असतं. दारातून सुटलेल्या माणसाचा खाली जाण्याचा वेग त्या क्षणी शून्य असला, तरी पुढे जाण्याचा वेग विमानाइतकाच असतो. म्हणजे ताशी 150 किमीचा वारा त्याला लगेच भेटतो. आता थोडं गणित. पोट जमिनीकडे करून हातपाय पसरलेला माणूस ताशी 195 किमीच्या आसपास पोचला की त्याचा वेग वाढायचा थांबतो, कारण तिथे हवेचा रोध त्याच्या वजनाइतका होतो. हीच टर्मिनल व्हेलॉसिटी. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 150 भागिले 195 म्हणजे 0.77, त्याचा वर्ग 0.59. याचा अर्थ, अंग वाऱ्याला सामोरं धरलं तर सुटल्या सुटल्याच वजनाच्या जवळजवळ 60 टक्के आधार हवा देते!

हा आधार सुरुवातीला खालून नसतो, समोरून असतो. पुढच्या 10-12 सेकंदांत विमानाकडून मिळालेला वेग विरत जातो, खाली जाण्याचा वेग वाढत जातो आणि वारा समोरून वळत वळत खालून येऊ लागतो. कानातल्या खड्यांना जमीन कुठे आहे याचं सोयरसुतक नसतं, त्यांना फक्त जोर कळतो. तो 60 टक्क्यांवरून आधी थोडा उतरतो आणि मग 100 टक्क्यांपर्यंत सावकाश चढतो, एकदम कुठेच तुटत नाही. मग गोळा येणार कसा? स्थिर बलूनमधून उडी मारली तर मात्र वारा नसतो, आणि पहिली दोन-तीन सेकंदं गोळा अगदी गळ्यापर्यंत येतो.

टर्मिनल व्हेलॉसिटी गाठल्यावर तुमचं सगळं वजन हवेने उचललेलं असतं. कानाच्या दृष्टीने तुम्ही गादीवर पालथे पडलेले असता, फक्त गादी भयंकर आवाज करते.

पहिली उडी बहुधा टँडम असते, म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाला बांधलेले तुम्ही. इथे हिशेब बिघडतो. वजन दुप्पट होतं, पण एकावर एक असल्यामुळे वाऱ्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळ जवळपास एकाचंच राहतं. दोघांची टर्मिनल व्हेलॉसिटी दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे 1.4 पटीने वाढून ताशी 275 किमीच्या घरात जाते. त्या वेगात मुख्य पॅराशूट उघडणं माणसाला आणि कापडाला, दोघांनाही झेपणार नाही. म्हणून प्रशिक्षक बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट मागे सोडतो. त्याचा व्यास जेमतेम दीड मीटर, पण तेवढ्याने वेग पुन्हा 195 च्या आसपास येतो. ड्रोग निघेपर्यंत टँडममध्ये आधार साधारण 30 टक्क्यांपासून सुरू होतो, तेव्हा पोटाला थोडी गुदगुली झाली तर नवल नाही.

कपड्यांनीही फरक पडतो. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून 13,000 फुटांवरून उडी मारली, तेव्हा बातम्या संस्कृतीवर रंगल्या. मला काळजी पदराची वाटली होती. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, पण पदर सुटून एकाच बाजूला फडफडत राहिला तर त्या बाजूचा रोध वाढतो आणि शरीर गरगर फिरू लागतं.

जाता जाता, मांडी घालून हवेत तरंगणाऱ्या बाबांचे फोटो. माणूस हवेवर तरंगू शकतो, इनडोअर विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडलेल्या बंद नळकांड्यात, रोज तरंगतो. त्यासाठी खालून ताशी 190 किमीचा वारा लागतो. बाबांची दाढी सरळ खाली लोंबत असेल आणि समोरच्या समया शांत तेवत असतील, तर बाबा कशावर तरी बसलेले आहेत.

पडताना खरंखुरं वजनरहित व्हायचं तर हवाच जवळपास नको. ऑस्ट्रियाचा स्कायडायव्हर फेलिक्स बॉमगार्टनर याने 14 ऑक्टोबर 2012 रोजी सुमारे 39 किमी उंचीवरच्या बलूनमधून उडी मारली. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या अर्धा टक्कादेखील नसते. त्यामुळे सुरुवातीला अडवायला कोणी नव्हतं आणि त्याचा वेग ताशी 1,357 किमीपर्यंत चढला, ध्वनीच्याही पुढे. पुढे दाट हवा लागली तसा रोध त्याच्या वजनापेक्षाही जास्त झाला आणि पडता पडताच तो मंदावत गेला.

आपल्या उडीत वजन जाणवतं ते पॅराशूट उघडताना. ते अर्ध्या सेकंदात उघडलं तर वजनाच्या दहापटीहून जास्त हिसका बसेल. ते टाळण्यासाठी दोऱ्यांवर स्लायडर असतो: कापडाचा एक चौकोनी तुकडा, चार कोपऱ्यांना धातूच्या चार कड्या, त्यांतून ओवलेल्या दोऱ्या. वारा त्याला वर दाबून धरतो, पसरणारं पॅराशूट त्याला खाली ढकलतं, आणि या रस्सीखेचीत तीन-चार सेकंद निघून जातात. तोवर छाती, पोट आणि मांड्यांवर सारखं पसरलेलं तुमचं वजन आता दोन मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांवर येतं. म्हणून विमानात चढण्याआधी प्रशिक्षक ‘पट्टे नीट बसलेत ना?’ विचारेल, तेव्हा संकोचाने मान डोलावू नका. टोचत असेल तर तिथेच सांगा.